पेल्याची उंची

भूकंपानंतर शाळेची एकच इमारत धड उभी राहिली होती, आणि तिच्यातली प्रयोगशाळा दवाखान्यासाठी आमच्या वाट्याला आली. उंच टेबले, टेबलांतच बसवलेली बेसिने, कपाटांत काचेची नळकांडी, भिंतीवर माणसाच्या पचनसंस्थेचा तक्ता. त्या तक्त्याखाली माझी खुर्ची होती. येणारे लोक आधी तक्त्यातल्या गुलाबी आतड्यांकडे बघत, मग माझ्याकडे, आणि बहुधा तक्त्यावरच त्यांचा विश्वास अधिक बसत असावा.

कुठे मोठी आपत्ती कोसळली की लहान मुलांच्या खाण्यापिण्याचे बघायला मला पाठवतात. काम ऐकायला फार साधे आहे. मुलांचे दंड मोजायचे, वजने घ्यायची, कोण नुसते बारीक आहे आणि कोण हातचे जाणार आहे ते ओळखायचे, आणि कोणाला काय, किती, कसे भरवायचे ते सांगायचे. उपाशी मुलाला पोटभर जेवण घालावे असे कोणालाही वाटते; तसे एकदम घातले तर ते दगावू शकते, हे आम्हाला ठाऊक असते. बाकी सगळे तर आयांनाच ठाऊक असते.

माझ्या हाताखाली एक सिस्टर होती. ‘हाताखाली’ हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात दवाखाना ती चालवायची आणि मी तिच्या परवानगीने तिथे बसायचो.

एके सकाळी दोन बायका एकच गाठोडे दोन्ही बाजूंनी धरून दारात आल्या. एक साठी उलटलेली, उंच, ताठ. दुसरी पंचेचाळिशीची, ठेंगणी, रडून डोळे सुजलेली. गाठोड्यात दोन महिन्यांची मुलगी होती.

“सोडा हो तुम्ही, विहीणबाई, पाडाल तिला,” उंच बाई म्हणाली.

“मी चार वाढवलीत. एकही पाडलं नाही.”

“म्हणून तर एकेकाचं डोकं तसं आहे!”

सिस्टरने दोघींच्या मधून हात घालून बाळ उचलले आणि काट्यावर ठेवले. दोघी एकदम गप्प झाल्या. काटा बघून सिस्टरही गप्प झाली, आणि ते क्वचितच घडत असे.

हकीकत अशी होती. घर कोसळले तेव्हा बाळाच्या आईचा पाय तुळईखाली सापडला. हेलिकॉप्टरने तिला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेले. सोबत एकालाच जागा होती, नवरा तिच्याबरोबर गेला. बाळ मागे राहिले, त्याच्या दोन आज्यांकडे. थोरली आजी वडिलांची आई, धाकटी आजी आईची आई. दोघींचे मुलांच्या लग्नापासून पटत नव्हते आणि आता दोघी एकाच तंबूत राहत होत्या. वाटपात मिळालेल्या बाटलीने, टाकीच्या पाण्यात कालवून, बाळाला वरचे दूध पाजले होते. त्याने जुलाब लागले. आता बाळ दुधाकडे तोंडही वळवत नव्हते. बाटली आणली कोणी, यावर दोघींचे दुमत होते.

“चमचा पुढे केला की मान फिरवते,” धाकटी म्हणाली.

“राणीसरकार आहेत,” सिस्टर म्हणाली, आणि बाळाला तेच नाव पडले.

शिबिरप्रमुख म्हणून एक साहेब होते. माणूस कामसू होता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी ट्रकमध्ये चढवून दिल्याशिवाय चैन पडत नसे. आई नसलेली तान्ही मुले शहरातल्या बालगृहात पाठवायची, असा त्यांचा नियम होता. आठवड्याला एकदा ट्रक येई, त्यातून. पण त्या बालगृहात जुलाबाची साथ चालू होती. एका खोलीत पन्नास बाळे, ओळीने बाटल्या, धुवायला दोन बायका. इतकी अशक्त मुलगी तिथे गेली तर परत येणार नाही, हे मला दिसत होते. आज्यांना साथीचे माहीत नव्हते. नात नजरेआड होणार, एवढेच त्यांना कळत होते, आणि तेवढे पुरे होते.

“दुसरा काही उपाय नाही का, डॉक्टर?” धाकटीने विचारले.

उपाय होता. पण तो सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला.

“काय म्हणाले हे?” थोरलीने सिस्टरला विचारले.

“म्हणतायत, आजीने अंगावर पाजावं.”

मग धाकटी आजी हसायला लागली. घर पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत असावी. “अहो डॉक्टर, माझं शेंडेफळ आता माझ्याच चपला पायात घालून फिरतं! आता कुठलं दूध?”

मी समजावले. ज्या बाईने कधीकाळी पाजले आहे तिच्या अंगावर पुन्हा दूध येऊ शकते. मूल लुचत राहिले पाहिजे, दिवसरात्र, पुन्हा पुन्हा. पण कोरड्या अंगावर मूल लुचत नाही, चिडून सोडून देते. म्हणून एक बारीक नळी घ्यायची. तिचे एक टोक चिकटपट्टीने स्तनाला लावायचे, दुसरे पेल्यात सोडायचे. पेल्यात आमचे उपचाराचे दूध, उकळलेल्या पाण्यात मोजून केलेले. बाळ लुचते, नळीतून दूध येते, बाळाला वाटते आजीच पाजते आहे. आणि लुचण्याने आजीच्या अंगाला हळूहळू आठवण येते.

“मग मीच पाजते,” थोरली म्हणाली. “माझ्या घराण्याची नात आहे.”

“आजी, तुमचं वय काय?” सिस्टरने विचारले.

“वयाचं काय मधेच?”

मी घाईने म्हणालो, की त्यांच्यासाठी वेगळे काम आहे, आणि महत्त्वाचे आहे. पाजणारीचे दोन्ही हात बाळात अडकलेले असतात. पेला दुसऱ्या कोणीतरी धरावा लागतो. बाळ अशक्त असेल तेव्हा पेला स्तनाच्या जरा खाली, बोटभर अंतरावर. जसजशी ताकद येईल तसतसा आणखी खाली. पेला जितका खाली, तितके बाळाला ओढायला जोर लागतो.

“म्हणजे मी हिच्यासमोर पेला धरून बसायचं?” थोरली म्हणाली. “दासीसारखं?”

“तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या,” धाकटी म्हणाली.

तेवढे पुरे झाले. थोरलीने माझ्या हातातून पेला घेतला.

साहेबांनी पुढच्या ट्रकपर्यंत मुदत दिली. वजन वाढले तर ठीक, नाहीतर बाळ बालगृहात.

खिडकीजवळ चादर टांगून आम्ही एक कोपरा केला. दोघींना प्रयोगशाळेतली दोन स्टुले दिली. धाकटीचे पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खाली विटा लावल्या. राणीसरकारांनी पहिल्यांदा मान फिरवली. सिस्टरने दुधाचा थेंब नळीच्या टोकाशी टेकवला. बाळाने तो चाटला, थांबले, विचार केल्यासारखे केले, आणि तोंडात धरून लुचू लागले. चादरीच्या आत तिघी बायका श्वास रोखून होत्या आणि बाहेर मी. नळीतून चढणारी पांढरी रेघ मला चादरीच्या फटीतून दिसली, आणि मी उगीचच चष्मा पुसत बसलो.

पहिले काही दिवस बरे गेले. जुलाब थांबले, वजन थोडे थोडे चढले. मग नियमाप्रमाणे मी पेल्यातले दूध जरा कमी केले. आजीच्या अंगावर दूध येऊ लागले असेल तर बाळाचे वजन तरीही वाढायला हवे.

वजन वाढले नाही. दुसऱ्या दिवशी उतरले. मी दूध पुन्हा पूर्ववत केले.

मी धाकटीला विचारले, अंग जड वाटते का, ओल येते का. ती मान हलवायची. खाते-पिते होती, बाळ दर दोन-तीन तासांनी अंगावर होते, पेला धरलेला होता. सगळे पुस्तकातल्यासारखे चालले होते आणि दूध येत नव्हते. मी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचले. मग आधीचे पान वाचले, मग नंतरचे. आयांच्या बाबतीत हे साधलेले मी पुष्कळदा पाहिले होते. आजीच्या बाबतीत एकदाही पाहिले नव्हते. पुस्तकात होते, एवढेच. दोन दुःखी बायकांना मी छापील गोष्टीच्या भरवशावर स्टुलावर बसवून ठेवले आहे, असे मला वाटू लागले.

“उद्या ट्रक येतोय, डॉक्टर,” साहेब दारातून म्हणाले. “जागा ठेवायला सांगतो.”

त्या दुपारी चिकटपट्टीचे रीळ शोधत मी काचेच्या कपाटामागे वाकलो होतो. दोघींना मी दिसत नव्हतो. बाळ कुरकुरले. आणि मी पाहिले, की थोरलीचा पेला धरलेला हात सावकाश वर चढतो आहे. स्तनाच्या बरोबरीला आला, वर गेला, पार धाकटीच्या खांद्याशी पोहोचला. नळीतून दूध आपोआप वाहू लागले. बाळाला ओढायची गरजच उरली नाही. जबडा हलायचा थांबला, ती नुसते घोट गिळत राहिली.

“विहीणबाई, डॉक्टरांनी खाली सांगितलंय,” धाकटी पुटपुटली.

“डॉक्टरांना काय जातंय सांगायला! उपाशी लेकरू रडतंय आणि मी पेला खाली ओढू? हात झडेल माझा.”

धाकटीने उलट बाळाचे डोके जरा उचलून धरले. इतक्या दिवसांत त्या दोघींचे एकमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि ते नेमके या गोष्टीवर.

मला रागावता येत नाही. मी समोर जायला हवे होते. त्याऐवजी मी युक्ती काढली. प्रयोगशाळेत लोखंडी स्टँड होते, नळकांडी पकडून ठेवायचा चिमटा असलेले. पुढच्या वेळी मी पेला त्या चिमट्यात अडकवला, हवा तितक्या खाली. लोखंडाला काही पाझर फुटणार नव्हता. मला ही कल्पना फारच शास्त्रीय वाटली.

थोरलीने स्टँडकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि उठून दूरच्या बेसिनपाशी पाठ करून बसली.

राणीसरकार दोनदा लुचल्या आणि सोडून रडू लागल्या. धाकटी अवघडून गेली. नळी सुटली, सिस्टरने लावली, पुन्हा सुटली.

“काय होतंय?” मी विचारले.

“कोण जाणे. ती समोर बसलेली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय. भांडायला तरी कोणी पाहिजे ना, डॉक्टर! हे लोखंड काय बोलणार माझ्याशी?”

सिस्टरने माझ्याकडे असे पाहिले, की मी निमूटपणे बेसिनपाशी गेलो. थोरली नळ उघडत होती आणि बंद करत होती. नळाला पाणी नव्हते.

“तुम्हाला कळलं म्हणायचं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग ओरडा ना. त्या लोखंडाला कशाला पाठवलंत?”

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. म्हणालो, “तुम्ही पेला वर धरता तेव्हा तिचं पोट भरतं. पण ती काही मागत नाही. आणि मागितल्याशिवाय विहीणबाईंच्या अंगावर दूध येणार नाही.”

“तान्ह्या पोरीने मागायचं? रडून?”

“रडून नाही. लुचून. तिला जेवढा जोर लागेल तेवढं दूध जवळ येईल. तुम्ही दयेने पेला उचलता, आणि ते लांब जातं.”

तिने नळ पुन्हा एकदा उघडून बंद केला. मग म्हणाली, “घर गेलं. पोरगा तिकडे, सून तिकडे. माझ्या हाताने होण्यासारखं एवढंच उरलं होतं, की हिच्या तोंडात चार घोट जास्त पडावेत. आणि तेही करायचं नाही?” जरा थांबून तिने विचारले, “बरं, खाली धरला, आणि तरी दूध नाही आलं तर?”

मला धीराचे काहीतरी बोलायला हवे होते. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “आजीच्या अंगावर आलेलं मी कधी पाहिलेलं नाही. फक्त वाचलंय.”

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वळून पाहिले. “हे आधी सांगायचं नाही का? तुम्ही एवढं हळू बोलता, की मला वाटायचं यांना सगळंच माहीत असणार.” ती उठली, स्टँडपाशी गेली, चिमटा सोडवून पेला हातात घेतला. “व्हा बाजूला. विहीणबाई, नीट बसा. पाठीला बाक काढून बसलात तर दूध काय, घामही यायचा नाही.”

“आल्या!” धाकटी म्हणाली, पण तिचे खांदे सैल झाले.

थोरलीने पेला खाली धरला. बाळ कुरकुरले. तिने कोपर गुडघ्यावर दाबले, दुसऱ्या हाताने स्वतःचेच मनगट धरून ठेवले. बाळ रडले. आता धाकटीलाच राहवेना. “अहो, जरासा वर—”

“नाही. आता तुम्ही सांगितलंत तरी नाही. लुचा, राणीसरकार. बघता काय माझ्याकडे? लुचा!”

आणि बाळाने लुचायला सुरुवात केली. जबडा कानाशी हलताना दिसत होता. कपाळावर घाम आला. पांढरी रेघ नळीतून चढे, अर्ध्यावर थांबे, पुन्हा चढे. त्या दिवसापासून दर वेळी हे असेच चालले. थोरली डोळे मिटून घ्यायची, पण हात वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. साहेब आत आले. “चला, बाळ तयार आहे ना? वजन वाढायचं थांबलंय, मी बघितलंय.”

चादरीमागचे बोलणे थांबले.

“बाळ जाणार नाही,” मी म्हणालो.

“काय म्हणालात?”

“बाळ जाणार नाही! अजून एक आठवडा. ती माझी पेशंट आहे, आणि तिची जबाबदारी माझी. ट्रकला माझ्या वतीने नमस्कार सांगा!”

साहेब मागे सरकले. मीही दचकलोच. सिस्टर नंतर म्हणाली, “डॉक्टर, तुमचा आवाज बाहेर रांगेपर्यंत गेला. दोन पोरं रडायची थांबली.” ट्रक गेला. मी तक्त्याखाली जाऊन बसलो. मी काय केले होते? एका आठवड्याची हमी दिली होती, आणि ती माझ्यापाशी नव्हती.

पुढचे दिवस मी काट्याकडे बघायला भीत होतो. वजन उतरत नव्हते. चढतही नव्हते म्हटले तरी चालेल. धाकटीला अंग जड वाटू लागले होते, पण ती म्हणाली, “इथलं जेवणच जड आहे.”

मग एका सकाळी सिस्टरने चादर बाजूला करून मला हाक मारली. तिचा चेहरा चिंतेचा होता. “डॉक्टर, हिने पेल्यातलं घेतलंच नाही. बघा, भरला तसाच आहे.”

पुन्हा मान फिरवायला लागली, एवढाच अर्थ मला लागला. मी बाळाकडे पाहिले. बाळ झोपले होते. मुठी उघड्या होत्या. उपाशी बाळाच्या मुठी आवळलेल्या असतात.

“रडली का?”

“कुठे रडली? चांगली लुचली,” थोरली म्हणाली. “मी हात खाली ठेवला होता हं. विचारा यांना.”

“खाली होता,” धाकटीने साक्ष दिली.

मी नळी काढून सिरिंज लावली आणि पाणी सोडून पाहिले. पाणी पुढे जाईना. जोर लावला तेव्हा दुधाच्या पावडरीची एक बारीकशी गुठळी टपकन बेसिनमध्ये पडली. नळी बंद होती. त्या सकाळी अगदी सुरुवातीपासून बंद होती.

मी त्या गुठळीकडे बघत उभा राहिलो. सिस्टर माझ्याकडे बघत होती. नळी बंद, पेला भरलेला, आणि बाळ झोपलेले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात एक पांढरा थेंब होता.

“मग ही प्यायली काय?” थोरलीने विचारले.

धाकटीने खाली स्वतःकडे पाहिले. कुडत्यावर ओला डाग पसरत चालला होता, दुसऱ्या बाजूलासुद्धा, जिथे नळी लावलीच नव्हती. तिने बोट लावून पाहिले, आणि जे बोट वर आले ते तिने आधी विहिणीला दाखवले. मला नाही, सिस्टरलाही नाही.

“पान्हा फुटला,” थोरली म्हणाली. “अगं बाई! विहीणबाई, तुम्हाला पान्हा फुटला!” पेला तिच्या हातातून निसटला, फरशीवर आपटला, दूध माझ्या बुटांवर उडाले, आणि त्या सांडलेल्या दुधात उभ्या राहून दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मध्ये बाळ होते. सिस्टर ओरडली, “अहो, चिरडाल तिला!” आणि स्वतःही रडू लागली. बाहेरच्या रांगेतल्या बाया चादरीत डोकी खुपसू लागल्या. काय झालं, काय झालं? आजीला दूध आलं! कोणाच्या आजीला? कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी कपाटामागे जाऊन पुस्तक काढले आणि त्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘खरे आहे’ असे लिहिले. छापलेल्या मजकुराशेजारी लिहायचे धाडस मला एरवी होत नाही.

पेल्यातले दूध आम्ही कमी करत गेलो आणि वजन चढत गेले. पुढचा ट्रक आला तेव्हा साहेबांनी स्वतः काटा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाले, “मी तर आधीपासून म्हणत होतो.” सिस्टरने त्यांना म्हणू दिले. यश कोणाचे यावर मात्र वाद होता.

“माझ्या हाताचा गुण,” थोरली म्हणायची.

“हो ना. आणि दूध आभाळातून पडलं.”

शेवटी पेला लागेनासा झाला. थोरलीने तो घासून खिडकीत पालथा ठेवला, पण जागा सोडली नाही. पाजायच्या वेळी ती समोरच्या स्टुलावर रिकाम्या हाताने येऊन बसायची.

डोंगरावरचा रस्ता मोकळा झाला आणि एका ट्रकमधून बाळाची आई आली. पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबड्या, मागे नवरा. प्रयोगशाळेच्या दारात ती थांबली. मुलगी तिच्या आठवणीतल्यापेक्षा जाड होती. गालांनी डोळे बारीक झाले होते. आईने तिला घेतले आणि ती रडली, ते समजण्यासारखे होते. मग ती वेगळे रडू लागली.

“माझं दूध आटलं, आई. तिकडेच आटलं. आता ही माझ्याकडे कशी यायची?”

बाळ धाकटीच्या वासाकडे मान वळवत होते, आणि आई ते बघत होती. मी पुढे झालो. घसा साफ केला. नळीचे, चिकटपट्टीचे, लुचण्याचे, सगळे मनात जुळवले.

“तुम्ही बसा, डॉक्टर,” थोरली म्हणाली.

तिने खिडकीतला पेला उचलला. सिस्टरकडून दूध मोजून घेतले. नळीत पाणी सोडून ती मोकळी आहे ना ते पाहिले, दोनदा पाहिले. सुनेला स्टुलावर बसवले, प्लास्टरच्या पायाखाली दुसरे स्टूल सरकवले, आणि स्वतः समोर बसली. धाकटीने बाळ लेकीच्या छातीशी धरले.

“सूनबाई, आता ही रडेल. मी पेला वर करणार नाही. मला शिव्या दे हव्या तर, आतापर्यंत मनातल्या मनात दिल्याच असतील. तुझ्या आईलाही हेच सांगितलं होतं.”

“मला कुठे सांगितलं होतं? डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं!”

“गप्प बसा हो, विहीणबाई, बाळाचं लक्ष जातं. हं. लुचा, राणीसरकार.”

बाळाने एकदा आजीकडे पाहिले, एकदा आईकडे. मग तोंडात धरले. नळीतून पांढरी रेघ चढू लागली. थोरली आजीने हात आणखी थोडा खाली नेला, आणि तो तिथेच राहिला.